आत्याबाईंची कुंची आणि खालचा गुंता

एका गावात एक शिवणाचं मशीन होतं आणि त्याची एक मालकीण होती. मशीन तिचं की ती मशीनची, हे मात्र गावाला कधी कळलं नाही. काळंभोर, हाताने फिरवायचं ते मशीन तिला आईने लग्नात दिलेलं. सारी आळी तिला आत्याबाई म्हणायची. मनाने बाई सोन्यासारखी. पण जीभ म्हणाल, तर कात्रीच्या वरताण!

मशीन कुणी मागितलं तर आत्याबाई नाही म्हणत नसत. पण उपदेश ऐकवल्याशिवाय पेटी हलूही देत नसत. "तेल घालायला विसरू नको. चाक उलटं फिरवू नको. आणि काम झालं की सुईखाली एक चिंधी ठेवायची, आणि कापड दाबून धरणारा हा पाय त्या चिंधीवर टेकवायचा. पाय वर ठेवून आणलंस, तर पुन्हा दाराशी येऊ नकोस!"

एकदा शेजारच्या सुनेने उशांचे अभ्रे शिवायला मशीन नेलं. पोरगी गुणी, हसतमुख. काम झाल्यावर तिने मशीन पुसलं, आपला दोरा काढून घेतला, चिंधी ठेवून पाय टेकवला आणि आत्याबाईंचं रीळ नीट गुंडाळून पेटीत ठेवून मशीन परत केलं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गावाहून निरोप आला. आत्याबाईंच्या भावाला मुलगी झाली होती! नवसासायासांनी, किती वर्षांनी! आत्याबाई एकट्याच घरात हसल्या, एकट्याच रडल्या, आणि मग ट्रंकेच्या तळातून त्यांनी एक खण काढला. आईने जाताना हातात दिलेला तो शेवटचा खण. "माझ्या लेकाला मूल होईल तेव्हा ह्याची कुंची शीव," एवढंच ती म्हणाली होती. त्यांच्या माहेरी रीतच होती तशी. बाळाला आत्याने शिवलेली कुंची घालायची आणि मगच पाळण्यात ठेवायचं.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळीच आत्याबाईंनी खण बेतला, मशीन पुढ्यात घेतलं, दोरा ओवला आणि चाक फिरवलं. वरून शिवण दिसली छान. पण कापड उलटं केलं मात्र, तोंडचं पाणीच पळालं! खाली दोऱ्याचा हा गुंता, नुसतं जाळं झालेलं.

"अगं बाई! हे काय झालं?"

त्यांनी शिवण उसवली. गुंता खाली, म्हणजे खोटही खालीच असणार, सरळ हिशोब. त्यांनी खालच्या दोऱ्याची बॉबिन काढली, पुसली, पुन्हा बसवली. बॉबिनच्या डबीचा स्क्रू आवळला. पुन्हा टीप मारली. पुन्हा जाळं! आता स्क्रू सैल केला, बॉबिनच बदलली, मशीनला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या. जाळं काही हटेना.

आत्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं कधी कुरकुर नाही, आणि शेजारणीकडे जाऊन आलं की हे असं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पिठाच्या गिरणीवर बायका रांगेत उभ्या होत्या, तिथेच आत्याबाई कडाडल्या, "माझं मशीन मोडलंन हिने! दुसऱ्याची वस्तू ती, हिला काय तिचं!"

शेजारीण तिथेच होती. तिचा चेहरा खर्रकन उतरला. पण ती काही मुळूमुळू रडणाऱ्यातली नव्हती. म्हणाली, "आत्याबाई, मशीन दिलं तेव्हा धड चालत होतं. माझ्या हातून बिघडलं असेल तर माझ्यासमोर दाखवा. आत्ता येते, चला."

"काही नको. एकदा हात लावलास तेवढं पुरे झालं!"

आत्याबाई तरातरा घरी आल्या. मागे एक म्हातारी पुटपुटली, "नाचता येईना अंगण वाकडं." ते त्यांच्या कानावर पडलं, पण त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी पुन्हा तेच. टीप, जाळं, उसवणं. दुपार कलली. आता खणाकडे पाहिलं तर काठाशी सुईची भोकंच भोकं, आणि दोरे सुटायला लागलेले. आणखी एकदा उसवलं की कापड फाटणार, हे त्यांना कळून चुकलं. आणि हा खण काही बाजारात मिळणारा नव्हता. आईच्या हातचा दुसरा खण आणायचा कुठून?

आत्याबाईंचा हात चाकावर तसाच राहिला. एक मन म्हणालं, अजून एकदा करून बघू. दुसरं म्हणालं, अगं बाई, तुझा तोरा मोठा की आईचा शब्द? गिरणीवर ज्या पोरीला आपण चारचौघींत बोललो, तिच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तरी त्या उठल्या. परसातल्या कुंपणाशी गेल्या आणि हळूच हाक मारली.

"अगं ए... येतेस का जरा?"

शेजारीण भांडी घासत होती. तिने वर पाहिलं. गाल फुगलेलेच होते तिचे, आणि का नसावेत? पण आत्याबाईंचे लाल डोळे दिसले आणि ती हात धुऊन आली.

मशीनपुढे बसली. दोरा सगळा काढून टाकला. मग हात मागे नेऊन तिने आधी तो पाय वर उचलला, रिळापासून दोरा सुईपर्यंत आणला, पाय खाली टेकवला आणि चिंधीवर टीप मारली. वरून सुरेख, खालूनही सुरेख!

आत्याबाई बघतच राहिल्या. "काय केलंस ग तू?"

"काही नाही. दोरा ओवला."

"तोच तर मी सकाळपासून ओवतेय!"

"मग ओवा बघू माझ्यासमोर."

आत्याबाईंनी दोरा काढून पुन्हा ओवला. चिंधीवर पाय टेकलेलाच होता, तसाच राहू दिला. टीप मारली. खाली जाळं!

"आत्याबाई, तुम्ही पाय वर नाही घेतलात," शेजारीण म्हणाली. "आई माझी नेहमी आधी पाय वर घ्यायची. का, ते मी कधी विचारलं नाही."

दोघींनी डोकं जवळ नेऊन पाहिलं. ज्या दोन चकत्यांमधून दोरा जातो, त्या पाय खाली असला की घट्ट मिटलेल्या. पाय उचलला की सैल. मिटलेल्या चकत्यांमध्ये दोरा शिरलाच नव्हता, नुसता कडेवर लोंबत होता. वरून त्याला कुणी धरलेलंच नाही, म्हणून खाली सगळा पसारा.

"पण मग इतकी वर्षं कसं चाललं?" शेजारणीने विचारलं.

आत्याबाईंनी तो लोंबता दोरा बोटावर घेतला. आणि एकदम कपाळाला हात लावून हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, इतक्या वर्षांत मी दोरा ओवलाच नाही! आईने ओवून दिला होता. रीळ संपलं की मी नव्या दोऱ्याची जुन्याला गाठ मारायची आणि ओढून घ्यायची. जन्मभर आईच्याच ओवण्यावर शिवत आले. तू दोरा काढलास आणि माझं अडाणीपण उघडं पडलं!"

मग त्यांनी तिचा हात धरला. "पोरी, चुकले मी. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"गिरणीवर सगळ्यांसमोर बोललात," शेजारीण म्हणाली.

"मग हेही सगळ्यांसमोरच बोलेन."

आत्याबाईंनी दोरा पुन्हा काढला. ह्या खेपेला पाय उचलून, स्वतःच्या हाताने, चकत्यांमधून नीट ओवला. भोकांच्या आतून नवी टीप घातली. कुंची बोटभर लहान झाली, पण खण वाचला. दिवेलागणीला कुंची तयार होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई शेजारणीला घेऊनच माहेरी गेल्या. वाटेत गिरणी लागली. तिथे थांबून त्यांनी बायकांना हाक मारली आणि झालेला सगळा प्रकार स्वतःच सांगितला, मीठमिरची न लावता. ती म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. आत्याबाईंनी हसू दिलं.

बारशाला बाळाला कुंची घातली. इवल्याशा डोक्यावर ती अशी बसली, जणू मापानेच बेतली होती. पाळण्याखालून बाळ घ्यायला पलीकडे कोण उभं राहणार, असं वहिनीने विचारलं, तेव्हा साऱ्या नात्यागोत्यातल्या बायका पुढे सरसावल्या. आत्याबाईंनी मात्र दाराशी अंग चोरून उभ्या असलेल्या शेजारणीला हाताला धरून पुढे आणलं.

"ही घेईल," त्या म्हणाल्या, आणि आईच्या खणात गुंडाळलेलं बाळ त्यांनी पाळण्याखालून तिच्या ओंजळीत दिलं.

तात्पर्य काय, तर गुंता जिथे दिसतो तिथेच चूक असते असं नाही. दुसऱ्यावर बोट रोखण्याआधी आपला दोरा पहिल्यापासून ओवून पाहावा. आणि दोष चारचौघांत दिला असेल, तर आपली चूकही चारचौघांतच मान्य करावी.