मधे उघडी वाकळ

वाकळकड्यावर जो येतो तो आधी दरीचा फोटो काढतो आणि मग मला विचारतो, "मामा, ही फाटकी गोधडी उन्हात कशाला टाकलीय?" फाटकी नाही हो. गोधडीला आम्ही वाकळ म्हणतो, आणि हिचा मधला चौकोन मुद्दाम कापलेला आहे. चहा उकळेपर्यंत बसा, सांगतो. खरं की खोटं ते मला विचारू नका. मी तेव्हा नव्हतो.

फार पूर्वी आमच्या वाडीत भिवा नावाचा माणूस राहायचा. बैलांच्या पाठीवर धान्य लादून तो घाट उतरायचा आणि समुद्रकाठाहून मीठ आणायचा. एका वर्षी गेला तो परतलाच नाही. घाटवाट ढासळली होती, शोधायला निघालेली माणसं अर्ध्यातून माघारी फिरली. भिवाची बायको राही रोज या कड्यावर येऊन बसू लागली. तिची दोन मुलं, थोरली येसू आणि धाकटा म्हाळू, मात्र चुलीकडे बघत बसायची. धगीनं वाळकं पान वर उडतं हे त्यांनी पाहिलं होतं. पान जातं, तर आपण का नाही?

मग म्हणे त्या दोघांनी आईची जुनी लुगडी जोडून, वर खळ फासून घराएवढा फुगा शिवला. खाली बसायला डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली, बांधलं, विस्तवाचं मडकं टांगलं. नेमका माथ्याला एक तुकडा कमी पडला. बाप जी वाकळ पांघरायचा तिच्या मधला लाल चौकोन येसूनं कापला आणि तिथं लावला. उजाडता उजाडता फुगा कड्यावरून सुटला.

राही धावत आली तेव्हा तो ढगांच्या वर एवढासा दिसत होता. ती रडली, चिडली, पोरांना नाही नाही ते बोलली. मग वाकळेचं भोक शिवायला बसली. सुईत दोरा ओवला आणि तिचा हात चालेना. "गेलेलं माणूस घरी येईल तेव्हाच मी हे शिवीन," असं ती वाऱ्याला म्हणाली.

इकडे पोरांची चैन चालली होती असं सांगतात. खाली धुकं दुधासारखं पसरलेलं, त्यावर फुग्याची सावली त्यांच्या बरोबरीनं चाललेली. बगळे डालग्याच्या काठावर बसून दम खायचे. सकाळचा वारा समुद्राकडे न्यायचा, दुपारचा डोंगराकडे ढकलायचा. असं पुढे-मागे झुलत ती मिठागरांवर पोचली. तिथं पाय मोडून पडलेला बाप भेटला. त्यानं वर पाहिलं आणि बायकोचं लुगडं ओळखलं.

परतीला घोर लागला. वरून सगळे कडे सारखेच दिसत होते आणि मडक्यातल्या शेणी संपत आल्या होत्या. चुकीच्या डोंगरावर उतरलो तर लंगडा बाप घेऊन जायचं कुठे? तेवढ्यात कातळावर रंगच रंग दिसले. मुलांना खूण म्हणून वाडीतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या वाकळा पसरल्या होत्या. पण पलीकडच्या वाडीच्या बायकांनीही माया करून तेच केलं होतं! या कड्यावर वाकळा, त्या कड्यावर वाकळा.

येसूला रडू फुटलं. म्हाळू मात्र एकदा वर माथ्याकडे बघायचा, एकदा खाली.

"ताई, ती बघ! मधनं काळा कातळ दिसतुया. आपलीच हाय ती!"

फुगा इथं, या दगडापाशी टेकला.  राहीनं माथ्याचा लाल तुकडा उसवला, मांडी घालून बसली आणि नवऱ्यापोरांच्या देखत वाकळ शिवली.

आजही आमच्या वाडीतून कुणी लांब निघालं की वाकळेचा मधला तुकडा कापून त्याच्या सामानात देतात, आणि उघडी वाकळ कड्यावर टाकतात. माणूस परतलं की शिवायची, तोवर टाका घालायचा नाही.

ही वाकळ माझी. धाकटी लेक पारूबाई जहाजावर नोकरीला आहे, हिरवा तुकडा तिच्या पेटीत आहे. समुद्रातल्या जहाजावरून ही वाकळ कशी दिसणार म्हणता? मलाही कळतं ते. तरी ऊन सरकलं की मी वाकळ सरकवतो. घ्या, चहा घ्या, आणि जाताना तेवढं त्या भोकावर पाय देऊ नका.