बोलघरासमोरच्या चपला

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि राजाचं तर मुळीच नाही. पण त्या राज्यातला एक चपला करणारा आपल्या बायकोला दाराआड काय म्हणाला, ते मात्र टिकून आहे.

तो म्हणाला, "सुनेला कशाला विचारायचं? ती बोलली तर मीच विचारीन, घरात कोण पाहुणी आली म्हणून."

सून दाराच्या अलीकडेच बसली होती. चपलेच्या पट्ट्यासाठी चामड्याची बारीक वेणी घालत होती. लग्नाला तीन महिने झाले होते. तिनं पुढचा पेड घातला आणि कान तिथंच ठेवले.

विचारायचं नव्हतं ते असं. घरामागे चार दगडी कुंडं होती. बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात तिथं कातडी महिना महिना मुरत. कुंडं होती म्हणून कातडं होतं, कातडं होतं म्हणून चूल होती. सासऱ्यानं ठरवलं होतं, की येत्या पौर्णिमेला ही चारही कुंडं, आतल्या कातड्यांसकट, बोलघराच्या मालकाला द्यायची आणि बदल्यात बोलघराचे चार वाटे घ्यायचे.

बोलघर म्हणजे काय, तेही सांगते. एका श्रीमंत माणसानं बाजाराच्या मधोमध मोठं घर बांधलं होतं. आत जायला काही पडत नसे. जाऊन बसावं, आपलं सांगावं, दुसऱ्याचं ऐकावं, पटलं तर मान डोलवावी, नाही पटलं तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करावा. मधेच तेल्याचा माणूस उठून तेलाची थोरवी सांगे. त्याबद्दल तेली मालकाला पैसे देई. गर्दी जास्त तर पैसे जास्त.

पण माणसं मोजणार कशी? ती सारखी आत-बाहेर करतात. म्हणून लोक दारातल्या चपला मोजत. वर्षापूर्वी चाळीस जोड असायचे. आता अडीचशे होते. आणि असं भरलेलं घर मालक हजार वाटे करून विकायला निघाला होता. ज्याचा वाटा, त्याला तेल्याच्या पैशात तेवढा हिस्सा. पौर्णिमेला दुपारपर्यंत मिळतील, मग नाही, अशी दवंडी रोज दोनदा फिरे.

शेजारच्या तांबटानं वाट्यासाठी आपली ऐरण आणि भाता देऊन टाकला होता. तो रोज भिंतीवरून डोकावून म्हणायचा, उशीर करू नका, मग माझ्या दारात याल.

सासूनं एकदा हळूच विचारलं, "एवढं चालतं घर तो मालक विकतो कशाला? दुभती म्हैस कुणी विकतं का हो?"

सासऱ्याकडे उत्तर तयार होतं. गेल्या दोन महिन्यांत आपण दोनशे जोड विकले. एवढे कधी विकले होते? लोकांचे पाय बोलघराकडे वळलेत म्हणून तर विकले.

सुनेचा हात थांबला. त्या दोनशे जोडांच्या वेण्या तिनंच घातल्या होत्या. एक अनोळखी माणूस गाडी घेऊन आला होता. सासऱ्यानं सवयीनं मापाचा दोरा काढला, तर तो हसला. मापं राहू द्या म्हणाला, सगळ्या एका आकाराच्या द्या, पण लवकर द्या. त्या घरातून पाय मापल्याशिवाय चप्पल कधी गेली नव्हती. तेव्हा मात्र कुणाला काही वाटलं नाही. सगळे खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी हिरडा आणायच्या निमित्तानं ती बाजारात गेली. बोलघराच्या दारात चपलांच्या रांगा होत्या. ती वाकली. चप्पल आठ दिवस वापरली तरी टाचेची खळगी पडते, अंगठ्याचा काळा डाग उठतो. तसे जोड चाळीसेक होते. बाकीच्यांवर वरून धूळ होती आणि आत काहीच नव्हतं. आईनं तिला वेणीचा शेवटचा पेड डावीकडे वळवायला शिकवला होता. गावात तसा दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. रांगेमागून रांगेत तिचाच हात दिसत होता.

पण सांगणार काय? चपला नव्या असतील, असं कुणीही म्हणालं असतं. आणि तिचं चुकलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, की सुनेच्या पायगुणानं घरात येणारी लक्ष्मी परत गेली.

म्हणून तिनं असं काही केलं, की सापडली असती तर चोर म्हणून माहेरी गेली असती. तिनं पाच जोड टोपलीत टाकले आणि वर हिरडा पसरला. पहारेकऱ्यानं तिच्याकडे बघितलं. ती सावकाश चालत राहिली. पळालं की माणूस चोर दिसतो, एवढं तिला माहीत होतं.

मग ती वाट बघत बसली. एक जोड हरवला तरी माणूस गाव डोक्यावर घेतो. इथं तर पाच गेले होते, आणि तेही अशा दारातून, की ज्याच्या आत बोलण्याशिवाय दुसरं कामच नव्हतं. गल्लीत पाऊल वाजलं की ती दाराकडे बघे. एक दिवस गेला, दोन गेले, सहा गेले. कुणी हूं की चूं केलं नाही.

पौर्णिमा उजाडली. मालकाचा कारकून सकाळीच आला आणि त्यानं अंगणात कागद पसरला. सासऱ्यानं अंगठ्याला शाई लावली. सुनेचा नवरा कुंडांवरची झाकणं काढायला मागे गेला.

तेवढ्यात सून टोपली घेऊन बाहेर आली आणि तिनं ती कागदावर पालथी केली. हिरडा घरंगळला. पाच जोड पडले.

कारकुनानं बघताक्षणी ओळखलं. "ह्या आमच्या दारातल्या. तुमची सून चोर आहे."

सासूनं तोंडाला पदर लावला. आवाज ऐकून आलेला नवरा झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिला.

सून पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली. "चोरल्या खऱ्या. आता ज्यांच्या आहेत त्यांची नावं सांगा. घरोघर जाऊन पाया पडून परत देते."

कारकुनानं तोंड उघडलं. एकही नाव आलं नाही.

सासऱ्यानं सुनेकडे बघितलंच नाही. त्यानं एक चप्पल उचलली आणि शाईचाच अंगठा आतून फिरवला, टाचेपासून पुढपर्यंत. तिथं उठला तो फक्त त्याच्या अंगठ्याचा डाग. त्या चपलेवर उठलेला तो पहिला डाग होता. मग त्यानं हात धुवायला पाणी मागितलं. कागद अंगठ्याविना राहिला.

तरी दुपारपर्यंत हजार वाटे संपले. पाचव्या दिवशी मालक गाडीत बसून दुसऱ्या राज्यात निघून गेला. पुढे तेल्याला शंका आली. त्यानं आतली माणसंच मोजली, तर ती छत्तीस भरली. त्यानं पैसे देणं बंद केलं आणि अमावास्येपर्यंत बोलघराला कुलूप लागलं. तांबट आता दुसऱ्याच्या ऐरणीवर मजुरीनं घण मारतो.

एकदा जेवताना सासऱ्यानं तांबटाची नक्कल केली. भिंतीवरून डोकावल्यासारखी मान वर करून म्हणाला, उशीर करू नका. सगळे पोट धरून हसले.

सुनेनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"हसू नका, मामंजी. तांबटकाकांनी मोजलेल्या अडीचशे जोडांतले दोनशे आपण शिवले होते. पायाचं माप घेतल्याशिवाय चप्पल शिवू नये, आणि माणसं बघितल्याशिवाय गर्दीवर घर पणाला लावू नये."