गाणारा डबा आणि गेनूचा लाल कोट

कुरणेवाडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावाच्या वाट्याला गेनू नावाचा एक भोळा गडी आला होता. अंगानं धिप्पाड, मिशा झुपकेदार, मन लोण्याचं. सांगितलेलं काम गेनूनं कधी टाळलं नाही. तीच तर पंचाईत होती. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा.

गेनूचे मामा म्हणजे सोपान मास्तर, मोरया बँडचे मालक. बँडवाल्यांचे कोट लालभडक, खांद्यावर सोनेरी गोंडे, पितळी बटणं. गेनू बँडचे ढोल वाहायचा, पण कोट त्याला नव्हता. कोटांची पेटी उचलताना तो हळूच झाकण उघडून एखाद्या बाहीला गाल लावून घ्यायचा. त्याला जगात दुसरं काही नको होतं.

अशात सरपंचांच्या शालनचं लग्न ठरलं. बँड अर्थातच मोरया. आणि नेमका त्याच आठवड्यात बँडचा क्लॅरिनेटवाला बापू दुसऱ्या बँडनं पळवला. क्लॅरिनेटशिवाय बँड म्हणजे नुसता धडधडाट. मास्तरांची झोप उडाली. मग कुणीतरी सांगितलं, सांगलीला प्रभुणे सर म्हणून आहेत, त्यांच्याकडे घरगुती कॉम्प्युटर आहे, जुना आहे पण हुबेहूब क्लॅरिनेटसारखा गातो. सर भले माणूस. त्यांनी गाणं लिहून बसवलं, कॅसेटमध्ये भरलं आणि निरोप पाठवला, कॅसेट घेऊन जा, कॉम्प्युटरचा डबा मागाहून येईल.

"गेन्या," मास्तर म्हणाले, "सांगलीला जा अन् कॅसेट आन. जपून आन बरं. तिला ऊन लागता कामा न्हाई. आन् ह्ये बघ, बापूचा कोट रिकामा हाय. लगीन लागलं की त्यो तुझा."

गेनूनं पुन्हा एकदा विचारून घेतलं. "लगीन लागलं की माझा?"

"व्हय. पर कायबी घोळ घातलास, तर कोट ऱ्हायला बाजूला, म्हशी राखाय धाडीन!"

गेनू सांगलीला गेला. कॅसेट घेतली. ऊन मी म्हणत होतं. आता उन्हातून नाजूक वस्तू कशी न्यायची, हे गेनूला पक्कं ठाऊक होतं. पानवाले विड्याची पानं नेतात तशी! त्यानं गोणपाट भिजवलं, कॅसेट त्यात गुंडाळली आणि वाटेत दिसेल त्या नळावर तिला पाणी मारत मारत गावात आणली.

मास्तरांनी गोणपाट उलगडलं. कॅसेटमधून पाणी ठिबकत होतं.

"आरं ए शहाण्या! ह्ये काय?"

"गार हाय, मामा. हात लावून बघा."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आरं, कॉम्प्युटरचं जे काय आसंल त्याला पान्याचा थेंब लागू द्यायचा नसतोय! एक थेंबबी न्हाई! समजलं?"

"समजलं. एक थेंबबी न्हाई."

सरांना पुन्हा निरोप गेला. सर म्हणाले, असू दे, माझ्याकडे दुसरी कॅसेट आहे, मीच येतो डबा घेऊन. सर एसटीनं फाट्यावर उतरले. त्यांना आणायला गेनू बैलगाडी घेऊन गेला. भर दुपार, धुळीची वाट. सरांचा घसा पार कोरडा पडला.

"अरे, जरा त्या विहिरीवर थांबव. घोटभर पाणी पिऊ."

"न्हाई सर. तुमास्नी पानी चालत न्हाई."

"मला? कोण म्हणतं?"

"तुमी कॉम्प्युटरचं सर न्हवं? मग झालं. एक थेंबबी न्हाई."

पुढे रसवंती आली. सरांनी आशेनं पाहिलं. गेनूनं बैल पळवले. सरांना घाम फुटला, तर गाडी थांबवून त्यानं तोही टॉवेलनं पुसून काढला. मानेमागचासुद्धा. सर मास्तरांच्या दारात पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ते नुसते रांजणाकडे बोट दाखवत होते.

मास्तर कळवळले. "आरं गेन्या! दारी आल्याला पावना! त्याला आधी पानी द्यावं, च्या द्यावा, घसा बसला आसंल तर हळददूध पाजावं! समजलं?"

"समजलं. आधी पानी, मग च्या, घसा बसला तर हळददूध."

सर रांजणभर पाणी प्यायले आणि मग माणसात आले. त्यांनी डबा मांडला. टाइपरायटरएवढा काळा डबा, वर बटणांच्या रांगा. एक वायर ग्रामपंचायतीच्या टीव्हीला, एक टेपरेकॉर्डरला. अख्खी आळी गोळा झाली.

"हा दिसतो हुशार," सर म्हणाले, "पण याला स्वतःची अक्कल अजिबात नाही. आपण ओळीनं हुकूम लिहायचे. हा एकेक वाचतो आणि सांगितलं तेवढंच करतो, सांगितलं तस्संच करतो."

"म्हंजी आमचा गेन्याच की!" मास्तर म्हणाले.

सगळे हसले. गेनूला मात्र त्या डब्याबद्दल एकदम माया वाटली. कुणीतरी आपलं माणूस भेटलं होतं.

"आता कॅसेट चालू केली, की गाणं याच्या पोटात उतरेल," असं म्हणून सरांनी बटण दाबलं आणि ते मास्तरांबरोबर ओसरीवर चहाला गेले. गेनू डब्यापाशी बसला. टेपमधून आवाज यायला लागला. कींऽऽ खर्रर्र! कींऽऽ खर्रर्र!

गेनू दचकला. बिचाऱ्याचा घसा पार गेलाय की! त्यानं टेप बंद केली, चुलीवर दूध ठेवलं, हळद घातली, आणि पेला डब्यासमोर धरून मायेनं म्हणाला, "घे बाबा. मग गा सावकाश."

सर धावत आले. पेला वरच्या वर हिसकावला म्हणून डबा वाचला. पण टीव्हीवर नुसते ठिपके नाचत होते.

"अरे, मध्येच बंद केलंस! अर्धवट गाणं त्याला कळत नाही. एकदा मध्ये खंड पडला ना, की सगळं मागे गुंडाळायचं आणि पुन्हा अगदी पहिल्यापासून सुरू करायचं. समजलं?"

"समजलं. खंड पडला की पुना पहिल्यापासनं."

सरांनी कॅसेट मागे गुंडाळली, पुन्हा पहिल्यापासून लावली. कींऽऽ खर्रर्र संपलं आणि डबा गायला लागला. काय गायला! बापूच्या क्लॅरिनेटला श्वास तरी घ्यावा लागायचा, याला तोही नको. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा बँड वाचला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सरपंचांकडे बँडवाल्यांची पंगत होती. वाढायला गेनू. मास्तर निम्म्या जेवणावर आले, पुरणपोळी तुपात बुडवून मोठा घास घेतला, आणि त्यांना ठसका लागला. गेनूनं समोरचं ताट उचललं.

"आरं, ताट कुठं चालवलंस?"

"खंड पडला, मामा." गेनूनं कोरी पत्रावळ मांडली आणि कडेला चिमूटभर मीठ वाढलं. मग लिंबू. मग चटणी. पोळी यायच्या आत मास्तरांना पुन्हा ठसका लागला. पुन्हा कोरी पत्रावळ, पुन्हा मीठ. पंगत उठली तरी मास्तर मीठ आणि लिंबू यांच्या पुढे सरकले नव्हते.

"गेन्या," मास्तर उपाशीपोटी म्हणाले, "आपल्या मनानं पहिल्यापासनं करू नगंस रं! पहिल्यापासनं म्हंजी कुठनं, ते आधी कुना म्हाताऱ्या मानसाला इचारत जा. समजलं?"

"समजलं. म्हाताऱ्या मानसाला इचारायचं."

लग्नाचा दिवस उजाडला. मास्तरांनी पक्कं ठरवलं होतं, गेनूला डब्याजवळ फिरकू द्यायचं नाही. त्याला नवरदेवाच्या घोड्याचा लगाम दिला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत घोडा चालवायचा. यात कसला घोळ होणार? असं मास्तरांना वाटलं.

मिरवणूक निघाली. पुढे हातगाडी, तीवर डबा, टीव्ही, जनरेटर, कर्णा आणि टेपजवळ स्वतः प्रभुणे सर. दांडीला बापूचा रिकामा कोट लटकत होता. मागे बँड, त्याच्या मागे घोड्यावर नवरदेव मुरलीधर. हा मुरलीधर गरीब स्वभावाचा, आणि घोड्याला जाम भ्यायचा. डोळे मिटून आयाळ घट्ट धरून बसला होता. गाणं तर असं रंगलं होतं, की शेजारच्या वाड्यांतली माणसं धावत आली. मांडव अगदी समोर दिसायला लागला. गेनूची नजर कोटावरून हलत नव्हती.

तेवढ्यात हातगाडीचं चाक दगडावर आदळलं. जनरेटर खोकला आणि बंद पडला. गाणं थांबलं.

"खंड पडला!" सर ओरडले. "मागे गुंडाळा! पुन्हा पहिल्यापासून!"

सगळी गर्दी बंद पडलेला जनरेटर बघायला हातगाडीभोवती जमली. घोड्याकडे बघायला कुणी उरलं नाही. गेनूनं मात्र हुकूम ऐकला होता. पहिल्यापासून! पण कुठनं? पारावर म्हातारे भैरू आबा विडी ओढत बसले होते.

"आबा, लग्नाची अगदी पहिली सुरुवात कुठनं हुती?"

आबांनी धूर सोडला. "कुठनं म्हंजी? आदी पोरगी बघाय जात्यात."

गेनूनं घोडा वळवला. मागच्या बोळातून थेट सरपंचांच्या परसदारी. नवरदेवाला उतरवलं आणि दार वाजवलं. शालनची आई हातात ओवाळणीचं तबक घेऊन धावपळीत होती. तिनं दार उघडलं.

"नमस्कार. आमी पोरगी बघाय आलोय. पोहे टाका."

आई बघतच राहिली. पण आत शालनची आत्या होती, खट्याळ बाई. सकाळच्या नाश्त्याचे पोहे उरलेच होते. तिनं बशा भरल्या आणि शालू नेसलेल्या, बाशिंग बांधलेल्या शालनला समोर पाटावर आणून बसवलं.

"पोरी, नाव काय तुजं?" गेनूनं गंभीरपणे विचारलं.

"शालन." तिचा पदर हसण्यानं हलत होता.

"स्वयंपाक येतो?"

"येतो. तुमच्या मुलाला काय येतं?"

गेनूनं मुरलीधरकडे पाहिलं. मुरलीधर हळूच म्हणाला, "चहा बरा करतो. आणि घोड्याला भितो."

"मीपण," शालन म्हणाली. मागच्या खेपेला तिनं मान खाली घालून नुसते त्याचे पायाचे अंगठे पाहिले होते. आज तिनं चेहरा पाहिला, आणि तो तिला आवडला.

गेनूनं पोहे संपवले, बशीही चाटली. मग रीतीप्रमाणे उठला, हात जोडले आणि म्हणाला, "पोहे झ्याक झालं. घरी जाऊन इच्यार करतो अन् कळवतो."

आणि त्यानं नवरदेवाला घोड्यावर घालून गावाबाहेर काढलं.

इकडे जनरेटर चालू झाला आणि गाणं पुन्हा सुरू झालं. बँड वाजवत वाजवत मांडवात शिरला. नवरी पाटावर उभी राहिली. भटजींनी अंतरपाट धरला, पहिली मंगलाष्टका म्हटली, लोकांनी अक्षता टाकल्या. अंतरपाटाच्या पलीकडे पाट होता. पाटावर कुणी नव्हतं.

"नवरदेव कुठाय?" सरपंच गरजले.

शालन म्हणाली, "आत्ताच बघून गेले मला. विचार करून कळवणार आहेत."

मांडव फुटला म्हणा ना! सरपंच धावले, मास्तर धावले, अक्षतांची परात घेऊन भटजी धावले. वऱ्हाड, बँड, हातगाडी, हातगाडीवर सर, आणि शालू खोचून नवरीसुद्धा. डबा गातच होता. गाव संपतं तिथे ओढा आहे. ओढ्याकाठी घोडा गवत खात होता. नवरदेव खाली उतरून बसला होता आणि गेनू घोड्याचं खाणं संपायची वाट बघत होता.

"मुहूर्त चालला!" भटजी धापा टाकत म्हणाले. "इथंच उभे राहा! अंतरपाट?"

अंतरपाट मांडवातच राहिला होता. मास्तरांनी हातगाडीवरचा लाल कोट ओढला आणि दोघांच्या मध्ये धरला. भटजी म्हणायला लागले. शेवटच्या मंगलाष्टकेला त्यांच्या घशात खवखवलं. ठसका येणार, तोच त्यांना गेनू दिसला. त्याचा हात लगामाकडे निघाला होता. भटजी लालेलाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ठसका गिळला आणि "सावधान" म्हणूनच श्वास सोडला. एकदाचं लग्न लागलं.

"मामा," गेनू म्हणाला, "लगीन लागलं."

मास्तरांनी डोळे वटारले. म्हशी त्यांच्या अगदी ओठांवर आल्या होत्या.

"द्या त्यांना कोट," शालन म्हणाली. "त्यांच्यामुळं नवरा धड बघायला तरी मिळाला मला."

नवरीचा शब्द. मास्तरांनी कोट गेनूच्या हातात दिला. त्यानं एक बाही घातली. किती गुळगुळीत होती ती आतून! त्यानं दुसरी बाही घालायला घेतली. पण बापू होता काडीपैलवान आणि गेनू धिप्पाड. हात कोपरापाशी अडकला.

खंड पडला.

गेनूनं कोट काढला, नीट घडी घालून घोड्याच्या पाठीवर ठेवला आणि गर्दीत भैरू आबांना शोधलं.

"आबा, नवं कापड अंगावर घालायची अगदी पहिली सुरुवात कुठनं हुती?"

"कुठनं म्हंजी?" आबा म्हणाले. "आदी आंगूळ."

ओढा समोरच होता. गेनूनं सदरा काढला. बायकांनी भराभर पाठी फिरवल्या. अख्ख्या वऱ्हाडासमोर त्यानं धोतराच्या गाठीला हात घातला, आणि घशात राहिलेला ठसका विसरून भटजी पुन्हा एकदा ओरडले, "सावधान!"