ओल्या तळाची घागर

फार मागे, एका फाल्गुन शुद्ध तृतीयेला सकाळपासून मळभ होतं. आदले तीन दिवसही ऊन पडलं नव्हतं. सखोबा कुंभाराने कच्ची भांडी भाजायला आव्यात रचली. विस्तव घालण्याआधी तो नेहमी तीनदा विचारी. त्या दिवशीही त्याने विचारलं, "कोणाच्या अंगात ओल आहे का? असेल तर आत्ताच सांगा, काढून फळीवर वाळत ठेवतो. ओलं भांडं जाळात फुटतं. आणि जाळ लागला की मला आतलं काही ऐकू येत नाही."

एका लहान घागरीचा तळ ओला होता. ती चुळबुळली.

"काय गं, ओली आहेस?" वरचा रांजण म्हणाला. "जा मग पुन्हा फळीवर, पणत्यांशी खेळायला!" सगळा आवा हसला.

सखोबाने दुसऱ्यांदा विचारलं. घागर शेजारच्या माठाला हळूच म्हणाली, "माठदादा, तुम्ही सांगा ना माझ्या वतीने."

"तुझा तळ मला कुठे दिसतोय? तो तुलाच ठाऊक," माठ म्हणाला. "सांग की. फार तर हा रांजण अजून एकदा हसेल."

सखोबाने तिसऱ्यांदा विचारलं. घागरीने वर रांजणाकडे पाहिलं. मग सगळ्यांबरोबर तीही म्हणाली, "नाही."

सखोबाने विस्तव घातला. थोड्या वेळाने घागर ओरडली, पुन्हा पुन्हा ओरडली. बाहेर सखोबा लाकडं सारत होता.

तिसऱ्या दिवशी आवा उघडला. एक्केचाळीस भांडी धड निघाली. घागरीचे नऊ तुकडे झाले होते आणि माठाला घागरीकडच्या बाजूने भोक पडलं होतं.