दोर कोणी टाकायचा

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला. एका मोठ्या नदीच्या अलीकडच्या काठावर तीन गावे होती. वरचे, मधले आणि खालचे. पलीकडे दुसरे राज्य. तिथे गादीसाठी भावाभावांत लढाई जुंपली, की माणसे घरदार सोडून नदीकडे पळत.

नदीला ओढ फार. काठावरून कोणी दोर टाकला, तरच नाव धक्क्याला लागे. नाहीतर पाणी तिला सरळ पुढे नेई. आणि खालच्या गावाच्या पुढे नुसते खडक होते.

तिन्ही गावांचा नावाडी एकच. म्हातारा, कमी बोलणारा, ताठ मानेचा.

एका वर्षी तिन्ही गावच्या पंचांनी पारावर बसून करार केला. पळून आलेल्याला हाकलायचे नाही. ज्या गावाचा दोर नावेला लागेल, त्या गावाने नावेतल्या माणसांना पुढच्या सुगीपर्यंत जागा द्यायची, खायला द्यायचे. करार तांब्याच्या पत्र्यावर कोरला.

नावाडी मागे उभा होता. तो म्हणाला, "दोर कोणी टाकायचा, तेही लिहा."

पंच हसले. खालच्या गावचा पाटील म्हणाला, "अरे, पाण्यात माणूस दिसला की दोर टाकायचाच असतो. ते काय लिहायचं? तू आपली वल्ही मार."

नावाड्याला ते लागले. तो पुन्हा बोलला नाही. बोलायला हवे होते.

चार वर्षे दोर पडत राहिले. मग पाऊस कमी झाला, धान्याच्या कणग्या अर्ध्या राहिल्या. त्याच साली पलीकडे लढाई पेटली. नावाड्याने नऊ माणसे नावेत घेतली. त्यांत एक कोष्टीण होती आणि तिचा नवरा. विणायचा माग पलीकडेच राहिला होता. तिने फक्त मागाचा धोटा पोटाशी बांधून आणला होता.

वरच्या गावाच्या धक्क्यावर माणसे उभी होती. दोराचे वेटोळे पायाशी पडलेले. नावाड्याने हाक दिली.

"मधलं गाव मोठं आहे," उत्तर आले. "तिकडं ने."

मधल्या गावाने सांगितले, "मागच्या खेपेला आमचाच दोर लागला. आता खालच्यांची पाळी."

खालचे गाव नावाड्याचे स्वतःचे. पाटील धक्क्यावर आला. म्हणाला, "तू आमचा माणूस. तुझ्यापुरता दोर टाकतो. उडी मार आणि धर."

"आणि हे?"

"दोर नावेला लागला, तर करार लागू होतो. तुला टाकला तर होत नाही. करार आम्ही मोडत नाही."

"दोर नावेला टाकतात, पाटील," नावाडी म्हणाला.

दोर पडला नाही.

नाव खडकांवर आदळली. कोष्टिणीचा नवरा छातीभर पाण्यात उतरला आणि नाव खडकाशी दाबून धरून उभा राहिला. आठ माणसे आणि नावाडी खडकांमधल्या एका उंच बेटावर चढली. तो चढला नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरले, गावात चालत जाता येऊ लागले. पण दोर लागला नव्हता, म्हणून गावाने यांना आपले मानले नाही. नावाडीही घरी गेला नाही. बेटाच्या वाळूत त्यांनी काकड्या लावल्या. मासे धरले, वाळवले.

बेटावर घायपात माजले होते. कोष्टीण त्याची पाने कुजवी, बडवी, त्यातून वाखाचे धागे काढी आणि दोर वळी.

नावाडी म्हणाला, "नाव राहिली नाही. दोर कशाला?"

"पाण्याकाठी राहायचं आणि घरात दोर नाही, बरं दिसत नाही, बाबा."

तिसऱ्या पावसाळ्यात पूर आला. असा पूर कोणी पाहिला नव्हता. खालचे गाव पाण्याखाली गेले. बेट तेवढे वर राहिले. सकाळी एक तराफा वाहत आला. वर चौदा माणसे. सर्वांत पुढे पाटील.

नावाड्याने दोर उचलला आणि तसाच उभा राहिला. पाटलाने त्याला ओळखले.

"पोरी," नावाडी म्हणाला, "टाकला तर पोसावं लागेल. चौदा तोंडं आहेत."

"मोजली मी."

"हाच धक्क्यावर उभा होता."

"ठाऊक आहे. तुम्ही टाकता की मी टाकू? तुमचा लांब जातो."

नावाड्याने तिच्याकडे पाहिले. मग हात मागे नेला आणि दोर टाकला. तो तराफ्यावर नीट पडला.

दुपारी कोष्टिणीने वाळवलेले मासे सगळ्यांना सारखे वाटले. वाट्याला अर्धा अर्धा आला. पाटील तो हातात धरून बसला.

"करार तीन गावांचा होता," तो म्हणाला. "तुमच्यावर बंधन नव्हतं."

"नव्हतं. खा आता," ती म्हणाली.

पूर ओसरला. पाटलाने चिखलातून तांब्याचा पत्रा शोधून काढला. तिन्ही गावांना बोलावले आणि सर्वांसमोर खाली एक ओळ कोरून घेतली. ज्याला नाव आधी दिसेल, त्याने दोर टाकावा. पाळी कोणाची, ते नंतर पाहावे. ओळ नीट कोरली की नाही, हे नावाड्याने बोट फिरवून पाहिले. त्याला वाचता येत नव्हते.

कोष्टिणीला खालच्या गावात घर मिळाले, मागही मिळाला. नवरा मात्र कोणाला परत देता आला नाही. त्या ओळीची किंमत तिनेच आधी भरली होती.

बोध इतकाच, की भार कोणी घ्यायचा हे ठरवण्याआधी माणसाला पाण्याबाहेर काढावे.