क्रेपची पकड

सडावाडीचा दवाखाना अजून कौलारू होता, तेव्हा तिथल्या पत्र्याच्या डब्यात पट्ट्यांचं बिऱ्हाड होतं. खरचटलं की चिकटपट्टी जायची, ओल्या जखमेवर गॉज जायची आणि मुरगळलेल्या पायाला क्रेपची पट्टी लागायची. गॉज एकदा गेली की परत येत नसे. क्रेप मात्र धुऊन, वाळून पुन्हा डब्यात यायची, आणि त्याचा तिला फार ताठा होता. "पकड असावी तर माझ्यासारखी," असं ती येताजाता ऐकवायची.

एकदा खाणीतला भिकाजी पाय मुरगळून आला. नर्सबाईंनी क्रेप गुंडाळली, पण बोटं उघडी ठेवली. "बोटं निळी पडली तर लगेच सोडा हो," त्या म्हणाल्या.

"बोटांचं ऐक, बाई. त्यासाठीच ती उघडी ठेवतात," डब्यातून गॉज क्रेपला म्हणाली.

घरी पाय सुजत गेला. अंगठा म्हणाला, "ताई, जरा सैल हो."

"दुखणाऱ्याची किरकिर असायचीच," म्हणून क्रेपने पकड सोडली नाही. भिकाजीही बायकोला सांगत होता, "आवळतंय म्हणजे गुण येतोय."

दुपारी अंगठा पुन्हा बोलला, पण अगदी हळू. संध्याकाळी तो गप्प झाला. क्रेपला वाटलं, आला गुण.

तिसऱ्या दिवशी नर्सबाईंनी पट्टी सोडली, काळा पडलेला अंगठा पाहिला आणि तालुक्याला न्यायला गाडी मागवली. भिकाजी परतला तो अंगठ्याशिवाय.

धुऊन, वाळून क्रेप डब्यात आली. गॉजने विचारलं, "अंगठा काही म्हणाला होता का गं?"

क्रेप म्हणाली, "दोनदा."