पांढरा चेंडू कुठे थांबतो?

बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून कान टवकारणाऱ्या थोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट.

एका डोंगरी राज्यात हिरवे कुरण एकच होते. त्यावर वर्षभर कोणाची जनावरे चरणार, हे राजा एका खेळाने ठरवी. लोकरी कापडाने मढवलेला मोठा पाट, कडेला सहा भोके. काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्याच्या धक्क्याने आपल्या रंगाचे चार चेंडू भोकांत पाडायचे. नेम चुकला की पांढरा पुन्हा मध्यावर आणि डाव दुसऱ्याचा.

कुरण दरवर्षी एका दणकट गवळ्याला मिळे. त्याचा टोला बसला की सभा "वाहवा!" म्हणे. त्या वर्षी त्याच्यासमोर एक मेंढपाळीण उभी राहणार होती. कुरण मिळाले नाही, तर तिचा कळप उन्हाळा काढणार नव्हता.

तिच्याकडे पाट कुठला असायला? तिने सारवलेल्या अंगणात रेघा आखल्या आणि काठीने एक कवठ ढकलू लागली. कधी पहिल्या रेघेवर थांबवायचे, कधी तिसऱ्या.

शेजारीण हसली. "अगं बाई, भोक कुठंय?"

"भोकात पाडता येतं गं मला. पाडल्यावर पांढरा कुठं जातो, ते शिकतेय."

"ते शिकून काय करायचंय?"

"पुढचा टोला तिथनंच मारायचा ना?"

शेजारणीने कपाळाला हात लावला. मेंढपाळणीचे कुतूहल मात्र संपेना. सकाळच्या ओल्या सारवणावर कवठ अडखळे. दुपारी तोच धक्का त्याला दोन रेघा पुढे नेई. का बरे? तीन महिने ती हेच पाहत राहिली.

खेळाच्या दिवशी दाट धुके होते. सरावाचा एकेक टोला मिळाला. गवळ्याने दणक्यात चेंडू पाडला. बाईने नुसता पांढरा हलकेच सोडला. तो वाटेतच थांबला. लोक खो खो हसले. पण कापड ओलसर आहे, हे तिला कळले.

खेळात गवळ्याने तीन चेंडू धडाधड पाडले. पांढरा मात्र भरकटत दूरच्या कडेला चिकटला. तिथून चौथ्यावर नेम धरता येईना, आणि टोला हुकला.

बाईने पहिला चेंडू पाडला. पांढरा रमतगमत दुसऱ्याजवळ येऊन थांबला. मग तिसऱ्याजवळ, मग चौथ्याजवळ. चारही पडले, पण कोणी "वाहवा" म्हटले नाही.

"एवढे सोपे टोले कोणीही मारले असते!" गवळी फणकारला.

राजा हसला. "खरं आहे. पण प्रत्येक टोला सोपा झाला, तो तिच्या आधीच्या टोल्यामुळे. तुझे का झाले नाहीत?"

गवळ्याने काठी खाली ठेवली. त्याच संध्याकाळी मेंढ्या कुरणात शिरल्या, आणि बाईला रडू आवरेना.

तात्पर्य: आजचे काम आपल्याला कुठे नेऊन सोडेल हे जो आधी पाहतो, त्याचे उद्याचे काम सोपे होते.